ढगांतला कॅमेरा आणि पावसाचा हिशेब



2018 आणि 2019 या दोन पावसाळ्यांत सोलापूरच्या आभाळात शास्त्रज्ञांची विमाने ढगांचा माग काढीत फिरत होती. आमचे यंत्रमाग कामगार शेडमधून बाहेर येत, कपाळावर हात धरून वर पाहत आणि आपापसांत पैज लावीत. एक म्हणे, "आता पाऊस पाडणार." दुसरा म्हणे, "पाडणार कसला! आलेला पळवून लावणार." संध्याकाळी सर आली की पहिला चहा उकळी, दिवस कोरडा गेला की दुसरा. पैज रोज लागे आणि रोज मिटे. परंतु दोघांपैकी एकाच्याही हाती पुरावा म्हणून काही नसे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळा दहावीला सुटली, आणि पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगार कचेरीच्या बाकावर. संघटनेच्या कामात आयुष्याची तीसएक वर्षे गेली, आणि त्या कामात हिशेब हाच माझा विषय राहिला. म्हणून ही पैज ऐकताना माझ्या मनात एकच प्रश्न येई. पाऊस पडला हे खरे. पण तो तुमच्यामुळे पडला हे कशावरून? या प्रश्नाचा इतिहास शोधीत गेलो, तेव्हा तो मला एका विलक्षण यंत्रापाशी घेऊन आला. विमानाच्या पंखाखाली टांगलेले, जवळ कोणीही माणूस नसताना सेकंदाला लाखो वेळा ढगाकडे पाहणारे असे हे यंत्र आहे. आज मी त्या यंत्राची हकीकत सांगणार आहे. तिच्यातला मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. यंत्र आभाळात काय पाहील, हे बहुतांशी जमिनीवर ठरलेले असते.

पावसाची जबाबदारी कोणाची, हा वाद जुना आहे. अमेरिकेत सॅन डिएगो नावाचे शहर आहे. तेथे 1915 सालच्या अखेरीस पाण्याची चणचण होती. चार्ल्स हॅटफिल्ड नावाचा एक गृहस्थ पुढे आला आणि म्हणाला, धरण भरून देतो, मला दहा हजार डॉलर द्या. लेखी करार झाला नाही. त्याने उंच मनोरे उभारून त्यांवर आपली गुप्त रसायने उघडी ठेवली. जानेवारी 1916 मध्ये असा पाऊस कोसळला की एक धरण फुटले, माणसे वाहून गेली. हॅटफिल्ड पैसे मागावयास गेला, तेव्हा नगरपालिका म्हणाली की पाऊस तुझा असेल, तर नुकसानही तुझेच, तेही भर. प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षे रेंगाळले आणि त्याला दमडी मिळाली नाही. गंमत अशी की हॅटफिल्डपाशी आपला दावा सिद्ध करण्याचे साधन नव्हते आणि नगरपालिकेपाशी तो खोडण्याचे नव्हते. ढगात काय घडले हे कोणी पाहिलेच नव्हते.

पुढे 13 नोव्हेंबर 1946 रोजी व्हिन्सेंट शेफर या संशोधकाने विमानातून एका ढगात कोरड्या बर्फाचे, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे, तुकडे टाकले आणि त्या ढगातून हिम पडताना दिसले. मनोऱ्यावरच्या गुप्त रसायनांचा काळ संपून शास्त्राचा काळ सुरू झाला. त्याबरोबर जुना प्रश्नही नव्या रूपात उभा राहिला. ढगाच्या पोटात पेरणीपूर्वी काय होते, आणि पेरणीनंतर काय झाले?

येथे थोडे थेंबाविषयी सांगितले पाहिजे. ढगातला साधा थेंब फार लहान असतो. त्याचा व्यास वीसएक मायक्रॉन धरा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असा थेंब जमिनीपर्यंत येत नाही. तो तरंगत राहतो आणि विरून जातो. दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा एक थेंब व्हावयास असे दहा लक्ष थेंब एकत्र यावे लागतात. मी युनियनचा माणूस. मला ही गोष्ट वाचून फार आनंद झाला. एकेकटा थेंब विरून जातो आणि दहा लक्ष एक झाले की पाऊस होतो, हे आम्ही गेटसभेत सांगतो त्याहून निराळे नाही. आता हे थेंब एकत्र येतात ते आपसांत आदळून. सगळेच सारखे लहान असतील, तर सारे एकाच गतीने तरंगतात आणि फारसे आदळत नाहीत. त्यांत काही थोडे मोठे असले की ते वेगाने खाली येतात आणि वाटेतल्यांना सामावून घेतात. आपल्याकडच्या उष्ण ढगांत मिठासारख्या ओलावा ओढणाऱ्या कणांची पेरणी करतात ती याचसाठी. तो कण पाणी ओढून मोठा होतो आणि इतरांना गोळा करीत निघतो. म्हणजे पेरणीचा परिणाम झाला की नाही हे पाहावयाचे, तर थेंबांचे आकार मोजता आले पाहिजेत.

मोजावयाचे कसे? अमेरिकेतल्या व्हरमाँट प्रांतातला विल्सन बेंटली हा शेतकरी हिमकणांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. त्याने पावसाचे थेंब मोजण्याची एक युक्ती काढली आणि 1904 साली ती प्रसिद्ध केली. ताटात चाळलेले पीठ पसरून ते क्षणभर पावसात धरावयाचे. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी बनते; ती वाळली की मापावयाची. आपल्या कोणत्याही घरात हे करून पाहता येईल. परंतु पीठ अंगणात चालते, ढगात नव्हे. ढगात शिरलेल्या विमानातून पुढे शास्त्रज्ञ लेप दिलेल्या काचेच्या पट्ट्या क्षणभर बाहेर धरीत आणि लेपावर उमटलेले खळगे सूक्ष्मदर्शकाखाली मोजीत. एका पट्टीत ढगाची एक चिमूट हाती येई. ढगाचा विस्तार मैलांचा, आणि पुरावा नखाएवढा! माणसाचा हात याहून वेगाने चालणार नव्हता. माणूस बाजूला सारून यंत्रालाच पाहू द्यावे, असा विचार यातूनच पुढे आला.

यंत्राला एकटेच आभाळात पाठवण्याची कल्पना मात्र त्याहूनही आधीची आहे. जर्मनीत युलिउस नॉयब्रोनर नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याची कबुतरे औषधांची ने-आण करीत. त्यांतले एक कबुतर धुक्यात वाट चुकले आणि चार आठवड्यांनी चांगले गुटगुटीत होऊन परतले. हे इतके दिवस गेले कोठे, म्हणून त्याने कबुतराच्या छातीवर बांधता येईल असा चिमुकला कॅमेरा बनवला आणि 1907 साली पेटंटासाठी अर्ज केला. कबुतर काही कळ दाबणार नाही. म्हणून हवेच्या दाबावर चालणारी एक यंत्रणा बसवली होती, ती ठराविक वेळाने आपोआप छायाचित्र घेई. आता पाहा, केव्हा टिपावयाचे हे नॉयब्रोनरला कबुतर सोडण्यापूर्वीच ठरवावे लागे. वेळ चुकली तर चित्र शेजारच्या छपराचेच यावयाचे. 24 ऑक्टोबर 1946 रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून व्ही-2 अग्निबाण शंभर किलोमीटरहून अधिक उंच गेला, त्यातही असाच एक एकटा कॅमेरा होता. तो दर दीड सेकंदाला एक चित्र घेत होता. अग्निबाण खाली आदळून त्याचा चुराडा झाला. पण फिल्म पोलादी डबीत ठेवलेली होती म्हणून ती वाचली, आणि अंतराळातून घेतलेले पृथ्वीचे पहिले चित्र माणसाच्या हाती आले. तेथेही दीड सेकंद आणि पोलादी डबी ही दोन्ही कामे जमिनीवर झालेली होती.

ढगाच्या कामाला मात्र दीड सेकंद चालणार नव्हता. विमान सेकंदाला शंभर मीटर जाते. दीड सेकंदात ढगाचा केवढा तरी भाग मागे पडतो. यावर 1970 साली रॉबर्ट नॉलेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने तोड प्रसिद्ध केली. पंखाखालच्या नळकांड्यातून पुढे दोन शिंगे काढलेली असतात. एका शिंगातून दुसऱ्याकडे प्रकाशाचा झोत जातो. त्या झोतासमोर प्रकाश ओळखणाऱ्या सूक्ष्म डोळ्यांची एकच ओळ असते. अशा एका प्रचलित यंत्रात 64 डोळे असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ढगातली 25 मायक्रॉन जागा येते. थेंब शिंगांमधून गेला की त्याची सावली काही डोळ्यांवर पडते. ज्याचा उजेड निम्म्याने कमी झाला, तो डोळा "सावली" अशी नोंद करतो. ही झाली थेंबाची एक आडवी रेघ. विमान 25 मायक्रॉन पुढे सरकले की दुसरी रेघ. रेघेखाली रेघ लागून थेंबाचे चित्र तयार होते. आमच्या मागावर आडव्या धाग्याखाली आडवा धागा बसून चादरीवर मोर उमटतो, अगदी तसे.

आता हिशेब करू. विमानाचा वेग सेकंदाला 100 मीटर, आणि दर 25 मायक्रॉनला एक रेघ. म्हणजे सेकंदाला चाळीस लक्ष रेघा. ही गती यंत्राला कोणी तरी सांगावी लागते, आणि ती विमानाच्या वेगावरूनच सांगावी लागते. समजा, विमान 100 मीटर वेगाने जात आहे, पण यंत्राला 90 सांगितले. मग ते सेकंदाला छत्तीस लक्षच रेघा काढील, आणि दोन रेघांमधले अंतर 25 च्या ऐवजी जवळजवळ 28 मायक्रॉन होईल. 250 मायक्रॉनचा गोल थेंब आडवा दहा घरांचा आणि उभा नऊ घरांचा दिसेल. थेंब गोलच आहे. चपटा झाला तो आपला हिशेब. शिवाय यंत्राने किती हवा तपासली हेही वेगावरूनच काढतात. म्हणून लिटरभर हवेत थेंब किती, तो आकडाही चुकतो. आणि वेग सांगणे वाटते तितके सोपे नाही. वेगाचा साधा काटा हवेच्या दाबावर चालतो. उंचावर हवा विरळ असते. पाच किलोमीटरवर तो काटा खऱ्या वेगाच्या सुमारे पाऊणपटच दाखवतो. तेव्हा दाब आणि तापमान धरून खरा वेग काढून तो यंत्राला पुरवण्याची व्यवस्था उड्डाणापूर्वी करावी लागते.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कारण मला एका कारखान्यातली जुनी गोष्ट आठवली. तेथे मजुरी कापडाच्या मीटरवर होती, आणि मीटर मोजणारे यंत्र मागाला लावलेले होते. कापडाला टेकून एक रूळ फिरे. त्याचे फेरे यंत्र मोजी आणि त्यावरून लांबी दाखवी. विणणाऱ्या बायाबापड्यांची तक्रार आली की काम तेवढेच, पण आठवड्याची मजुरी घटली. मालक म्हणाले, "यंत्र खोटे बोलते काय?" आम्ही टेप घेऊन बसलो. टेपवर शंभर मीटर भरलेल्या कापडाला यंत्र शहाण्णव दाखवी. झिजलेला रूळ काढून नवा बसवला होता तो किंचित जाड होता. म्हणून तेवढ्याच कापडाला फेरे कमी होत होते. फेरे यंत्राने अचूक मोजले होते. चूक होती ती रुळाची जाडी यंत्राच्या हिशेबात न घेण्यात. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. पण टेप लावीपर्यंत चार मीटरांचा दाम दर शंभरामागे कामगारांच्या घरातून जात होता. त्या दिवसापासून कोणी "यंत्रच सांगते आहे" म्हटले की मी विचारतो, "यंत्राला कोणी काय सांगितले होते?"

ढगातल्या कॅमेऱ्यालाही असाच टेप लावतात, हे वाचून मला समाधान वाटले. काचेच्या तबकडीवर ठराविक मापाचे ठिपके छापलेले असतात. ती तबकडी झोतात फिरवून पाहतात, की शंभर मायक्रॉनच्या ठिपक्याला यंत्र शंभरच म्हणते ना! पण तेवढ्याने भागत नाही. रिकाम्या आभाळाची चित्रे घेत बसले तर साठवणीची जागा ढग येण्यापूर्वीच भरून जाईल. म्हणून एका तरी डोळ्यावर सावली पडली तरच नोंद सुरू व्हावी, असे आधी बांधून द्यावे लागते. दाट ढगात साठवण क्षणभर तुंबली आणि यंत्र आंधळे झाले, तर ते किती वेळ आंधळे होते याचीही नोंद राहिली पाहिजे. नाहीतर न पाहिलेला ढग रिकामा म्हणून खतावला जाईल. कॅमेऱ्याचे घड्याळ विमानाच्या आणि जमिनीवरल्या रडारच्या घड्याळाशी जुळवावे लागते. शंभर मीटरच्या वेगात दहा सेकंदांचा फरक म्हणजे एक किलोमीटर दूरचा ढग. काचांवर दव धरू नये, शिंगांवर बर्फ साचू नये, म्हणून त्यांना ऊब द्यावी लागते. आणि बर्फाचा मोठा स्फटिक शिंगावर आपटून फुटला की त्याच्या कपच्यांचा थवा झोतातून जातो. यंत्र त्यांना ढगातले लहान कण समजते. कित्येक वर्षे शास्त्रज्ञही तसेच समजत होते. पुढे शिंगांची टोके निमुळती केली, आणि एकामागून एक फारच थोड्या अंतराने आलेले कण कपच्या म्हणून बाजूला काढावयाचे असे ठरले. स्वतःची चूक शोधून जुन्या आकड्यांवर काट मारणे हे धैर्याचे काम आहे. आमच्या खतावण्यांत ते क्वचितच आढळते.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. सोलापूर हा पर्जन्यछायेतला जिल्हा. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर मोकळे होतात आणि आपल्या वाट्याला त्यांची सावली येते. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेले हात आजही या शहराच्या गल्लीगल्लीत आहेत. कृत्रिम पावसाची आशा आपल्याकडे लवकर रुजली ती यामुळेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 1973 ते 1986 या काळात बारामतीच्या परिसरात अकरा पावसाळे विमानातून मिठाची पूड पेरून प्रयोग केला. कोणत्या दिवशी कोणत्या भागात पेरावयाचे हे सोडतीने ठरे. पेरलेल्या भागात सरासरीने 24 टक्के अधिक पाऊस झाल्याचे त्या शास्त्रज्ञांनी मांडले. त्याच संस्थेने 2009 साली ढग, धूलिकण आणि पाऊस यांच्या अभ्यासाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव कायपीक्स. त्याच्या विमानांवर मघाशी सांगितलेल्या जातीचे कॅमेरे होते. याच कार्यक्रमाचा चौथा टप्पा 2018 आणि 2019 साली सोलापूर परिसरात झाला. येथे रडार बसले, पर्जन्यमापकांचे जाळे पसरले, आणि कॅल्शियम क्लोराइडचा धूर सोडणाऱ्या नळ्या घेऊन विमाने ढगांच्या तळाशी गेली.

या प्रयोगातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे सोडत. 276 ढग निवडले. त्यांपैकी 160 ढगांत पेरणी केली आणि 116 तसेच सोडले. कोणता पेरावयाचा आणि कोणता सोडावयाचा हे शास्त्रज्ञाच्या मर्जीवर ठेवले नाही. माणूस चांगला, गुबगुबीत ढग पाहून तोच पेरील आणि मग पाऊस आपला म्हणून सांगेल, हा मोह सोडतीने कापून टाकला. न पेरलेले ढग म्हणजे जणू टेप. त्यांच्यावरून पेरलेले ढग मापावयाचे. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेरणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी 18 टक्के अधिक पाऊस. काही ठिकाणी सुमारे 46 टक्क्यांपर्यंत. पाण्याचा खर्च लिटरमागे 18 पैसे.

हे आकडे ऐकून टाळ्या वाजवण्यापूर्वी, श्रोतेहो, दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 18 टक्के अधिक, पण कशाहून अधिक? आभाळात ढगच नसेल तर शून्याचे अठरा टक्के शून्यच होतात. ही विद्या कोरड्या आभाळातून पाऊस काढीत नाही. आलेल्या ढगाकडून थोडे अधिक काम करून घेते. दुसरे, लिटरला 18 पैसे म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरला 1,800 रुपये. पण टँकर आपल्या हौदापाशी उभा राहतो. पाऊस शेतावर पडेल, तसा खडकावरही पडेल. तेव्हा विमान उडवण्याआधी नाले, बांध आणि तळी धड आहेत ना, हे पाहावयास नको काय? हिप्परग्याच्या तलावातला गाळ काढावयास कोणत्याही विमानाची गरज नाही.

मग या कॅमेऱ्याने आपल्याला दिले काय? एकटा कॅमेरा पाऊस सिद्ध करीत नाही. त्यासाठी रडार हवे, पर्जन्यमापक हवे, सोडत हवी. पण मिठाच्या कणापासून पावसाच्या थेंबापर्यंतच्या वाटेवर खरोखर काही घडले की नाही, याची साक्ष मात्र ढगाच्या आत जाऊन तोच देतो. हॅटफिल्डपाशी हा साक्षीदार नव्हता, म्हणून त्याचे भांडण शेवटपर्यंत भांडणच राहिले. पुढेमागे दुष्काळात कोणी सरकार, कोणी कंपनी आपल्याकडे येईल आणि म्हणेल, "आम्ही पाऊस पाडतो, निधी मंजूर करा." त्या वेळी आपण हात जोडू नयेत आणि दगडही उचलू नये. तीन प्रश्न विचारावेत. न पेरलेले ढग कोणते? सोडत कोणी काढली? आणि यंत्राला उड्डाणापूर्वी काय सांगून ठेवले होते, ती नोंद कोठे आहे? हे विचारावयास पदवी लागत नाही. शंभर मीटर कापडाला टेप लावणाऱ्या बाईला जेवढी समज असते, तेवढी पुरे.

आमच्या शेडमधले ते दोघे गडी परवा भेटले. मी त्यांना 18 टक्क्यांची गोष्ट सांगितली. पहिला म्हणाला, "म्हणजे त्या दिवशीची ती सर विमानाचीच ना?" मी म्हणालो, "बाबा रे, एकशे साठ ढगांची सरासरी सांगता येते. त्या एका संध्याकाळच्या सरीचे कोणीच सांगू शकत नाही." दुसरा लगेच म्हणाला, "मग माझा चहा परत कर." शेवटी तिघांच्या चहाचे पैसे मीच दिले, आणि कपबशा ठेवून ते दोघे पुन्हा मागावर गेले.